घरातील बिनतारी जोडणी : दोष कोठे शोधावा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते झाले. त्या सुमारास कारखान्यालगत सेक्टरांची वसाहतही उभी राहत होती. जाड विटांच्या भिंती, वर लोखंडी सळयांचे काँक्रीट, मागे अंगण, अशी ती घरे. बांधणाऱ्यांनी त्यांत ऊन, पाऊस व चोर ह्यांचा विचार केला. डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींना पुढे एके दिवशी बैठकीच्या खोलीतून मागच्या खोलीपर्यंत जावे लागेल, हे त्यांच्या मनात येण्याचे काही कारणच नव्हते.

अशा एका घराची आपण कल्पना करू. कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ व त्यांची पत्नी तेथे राहतात. मुलगी पुण्यास असते. ती रोज रात्री नऊ वाजता आईस व्हिडिओ कॉल करते. आईस ऐकू फार कमी येते. मुलीच्या ओठांची हालचाल पाहून ती बोलण्याचा अर्थ लावते. चित्र गोठले की तिच्यापुरते संभाषण तेथेच संपते; मागाहून नुसता आवाज येत राहिला तरी तिला त्याचा उपयोग नाही. हिवाळाभर सारे सुरळीत चालले. एप्रिल लागला आणि चित्र रोज अडखळू लागले. गृहस्थांनी अधिक पैसे भरून अधिक वेगाची योजना घेतली. दोष जेथल्या तेथे राहिला. आता नवा राउटर आणावा, असे त्यांच्या मनात आहे.

तो आणण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे. ‘नेट गेले’ ह्या दोन शब्दांत आपण कित्येक निरनिराळे दोष एकत्र कोंबतो. पुण्याहून निघालेले चित्र आईच्या हातातील फोनपर्यंत पोहोचते ते एका साखळीने. सेवा देणाऱ्या कंपनीची यंत्रे व दूरदूरच्या काचतंतूंच्या वाहिन्या, वसाहतीतील खांबांवरून घरात आलेला शेवटचा काचतंतू, त्यातील प्रकाशाचे विद्युत्संदेशांत रूपांतर करणारी भिंतीवरची पेटी, तिला जोडलेला राउटर, आणि अखेरीस राउटर व फोन ह्यांमधील काही मीटरांची हवा. बिनतारी आहे ती केवळ ही अखेरची कडी. बाकीचा सारा प्रवास तारेनेच होतो. (राउटरास ‘मार्गक’ असा एक शब्द सुचविला जातो व तो अर्थाने बरोबरही आहे. प्रस्तुत लेखकाने तो घरात वापरून पाहिला. कोणी ओळख दाखविली नाही. सबब येथे ‘राउटर’ असेच लिहिले आहे.)

साखळी कोठे तुटते हे कळावयाचे असेल, तर ती मधोमध तपासावी. कारखान्यात पाण्याचा दाब कमी झाला असता जाणता कामगार आधी पंप उघडीत नाही. मधल्या झडपेपाशी दाब पाहतो, आणि अर्धी वाहिनी एका दमात निर्दोष ठरवितो. येथे ती झडप म्हणजे राउटर. एक लॅपटॉप घ्यावा, तो राउटरास तारेने जोडावा, आणि ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी, म्हणजे रात्री नऊ वाजता, तोच कॉल त्यावर लावून पाहावा. सकाळी दहाची परीक्षा रात्री नऊच्या दोषाविषयी काही सांगत नाही. तारेवरही चित्र अडखळले, तर दोष राउटरात किंवा त्याच्या पलीकडे आहे, आणि घरातील कपाटे हलवून काही साधणार नाही. तारेवर चित्र स्वच्छ आले, तर दोष हवेत आहे. मग कंपनीकडे तक्रार करणे किंवा महाग योजना घेणे व्यर्थ होय.

ह्याच परीक्षेचे एक अधिक सूक्ष्म साधन जवळजवळ प्रत्येक संगणकात असते. त्यास ‘पिंग’ म्हणतात. संगणक एखाद्या पत्त्यास हाक मारतो, तेथून ओ येते, आणि मध्ये किती वेळ गेला हे पडद्यावर उमटते. राउटरास त्याचा घरातला पत्ता असतो (बहुधा १९२.१६८.१.१ असा काहीसा, तो राउटरच्या तळाशी छापलेला असतो). लागोपाठ शंभर हाका माराव्यात. एकाच घरातील राउटरकडून ओ येण्यास सेकंदाचे काही हजारांश पुरेत. त्यास दोनशे हजारांश लागू लागले, किंवा शंभरांतील पाच-दहा हाकांना ओच आली नाही, तर हवेची कडी दुबळी आहे हे निश्चित. त्यानंतर बाहेरच्या एखाद्या पत्त्यास तशाच हाका मारून दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत.

आपल्या गृहस्थांनी एक वही घातली. वेळ, खोली, हरवलेल्या हाका व त्या वेळी घरात काय चालू होते, असे चार रकाने आखले. तारेवर रात्री नऊ वाजता एकही हाक हरवली नाही. बैठकीच्या खोलीत बिनतारी जोडणीवरही नाही. मागच्या खोलीत मात्र, जेथे आई पलंगावर बसून बोलते तेथे, शंभरांत अठरा हरवल्या.

येथे एक कोडे उरते. त्याच मागच्या खोलीत, त्याच फोनवर, जुने चित्रपट न अडखळता दिसत होते. मग कॉलच का अडावा? ह्याचे उत्तर गच्चीवरच्या टाकीत आहे. चित्रपट पाहताना फोन पुढचा बराच भाग आधीच आणून साठवितो. पुरवठा मध्येच काही सेकंद खंडला तरी साठ्यावर भागते. टाकी असलेल्या घरात नळ तासभर गेला तरी कळत नाही, तसेच हे. परंतु संभाषण साठविता येत नाही. मुलीने अजून न उच्चारलेला शब्द आधी आणून ठेवणार कसा? तेथे नळाखाली थेट ओंजळ धरावी लागते. म्हणून कॉलसाठी वेग थोडा पुरतो. दर सेकंदास दोन-तीन मेगाबिट म्हणजे पुष्कळ झाले. मात्र तो अखंड हवा. शंभर मेगाबिटांची योजना दोनशेची केल्याने हरवलेल्या हाका परत येत नाहीत. गृहस्थांचे जादा पैसे कोठे गेले, ते येथे उलगडते.

आता हवेच्या कडीकडे वळू. राउटर व फोन परस्परांशी बोलतात ते विद्युच्चुंबकीय लहरींनी. घरगुती राउटरवर बहुधा दोन पट्टे असतात. एकात दर सेकंदास सुमारे २४० कोटी कंपने होतात. खोक्यावर ते २.४ गिगाहर्ट्झ असे छापलेले असते. ह्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी अधिक. दुसरा पट्टा पाच गिगाहर्ट्झच्या पुढचा. त्याच्या लहरी पाच-सहा सेंटीमीटरांच्या. जगदीशचंद्र बोस ह्यांनी १८९५ साली कलकत्त्यात ह्यांहूनही आखूड, काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या, आणि मधल्या भिंती ओलांडून त्या पलीकडची घंटा वाजवितात व बंदुकीची दारू पेटवितात, हे जाहीर सभेत दाखविले. भिंत पाहून लहर थांबत नाही, हे तेव्हापासून आपणांस ठाऊक आहे. ती किती थकून बाहेर पडते, हा खरा प्रश्न आहे.

थकव्याचे माप समजण्यासाठी एक आकडा पाहू. राउटर सुमारे दशांश वॉट शक्ती बाहेर टाकतो. फोनमध्ये लहरींचे बळ दाखविणारे एखादे लहानसे ॲप घेतले, तर ते उणे ४०, उणे ७० असे आकडे दाखविते. ह्या मापात दहाचा फरक म्हणजे शक्ती दहापट कमी, वीसचा म्हणजे शंभरपट. उणे ७० म्हणजे राउटरने टाकलेल्या शक्तीचा शंभर कोटींवा भाग! एवढ्यावरही फोनचे काम बरे चालते, ही विद्युत्कलेची मोठीच सिद्धी म्हटली पाहिजे. उणे ६५ च्या आसपास कॉल निर्धास्त होतो; उणे ८० च्या खाली गेल्यावर कशाचाच भरवसा नाही. फोनच्या कोपऱ्यातील पंख्यासारखी खूण ह्या बाबतीत फारशी विश्वासार्ह नव्हे. ती राउटरचा आवाज फोनला किती ऐकू येतो एवढेच सांगते. फोनचा आवाज त्याहून बारीक असतो, आणि तो राउटरला ऐकू जातो की नाही, हे ती सांगत नाही. थोराड राउटर आणूनही कित्येक घरांत निराशा पदरी येते, त्याचे एक कारण हेच.

विटांची भिंत लहरीची काही शक्ती शोषून घेते. काँक्रीट त्याहून अधिक, आणि पाच गिगाहर्ट्झच्या लहरींना दोन्हींचा जाच जास्त होतो. तथापि धातूची गोष्ट वेगळी. धातूच्या पत्र्यातून ह्या लहरी जवळजवळ जातच नाहीत. त्या परत फिरतात. तांब्यात त्या मिलिमीटरच्या हजारांशाच्या मानाने मोजावे इतक्याच खोल शिरतात. भिलाईच्या घरात लोखंडी कपाट नसेल असे क्वचितच होते. ते राउटर व पलंग ह्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेत उभे असले, तर तेवढी भिंत लहरींच्या दृष्टीने बंद झाली. पाणीही असेच कठीण. दोन-तीन सेंटीमीटर पाण्याच्या थरात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची निम्म्याहून अधिक शक्ती जिरते. (ह्या कंपनसंख्येशी पाण्याच्या रेणूचा काही खास सूर जुळतो, असे पुष्कळदा लिहिलेले आढळते. ते खरे नव्हे. पाण्याचे शोषण ह्याच्या कितीतरी वरच्या कंपनसंख्येस सर्वाधिक असते.)

आता त्या घराचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. राउटर पुढच्या खोलीत, दूरदर्शन संचामागे, जमिनीपासून हातभर उंचीवर. मागच्या खोलीच्या भिंतीला लागून कपाट. सरळ वाट अशी बंद असूनही हिवाळ्यात काम चालत होते. तेव्हा लहरी दुसऱ्या एखाद्या वाटेने येत असल्या पाहिजेत. ती वाट म्हणजे पुढच्या खोलीचे अंगणाकडचे दार, अंगण, आणि मागच्या खोलीची खिडकी. लहरी समोरच्या भिंतीवर आपटून, वळून, खिडकीतून आत येत होत्या. एप्रिलमध्ये त्या खिडकीत काय बसते, हे छत्तीसगढ किंवा विदर्भ येथील वाचकास सांगावयास नको. कूलर! भोवती लोखंडी पत्रा, तीन बाजूंस पाण्याने निथळणाऱ्या गवताच्या ताट्या, तळाशी हंडाभर पाणी. धातू आणि पाणी ह्यांचे असे दार दुसरे कोणी मुद्दाम करू म्हटले तरी करू शकणार नाही.

गृहस्थांनी हे ताडून पाहिले. कूलर खिडकीपासून दोन हात मागे ओढला. पलंगावरचा आकडा उणे ८२ वरून उणे ७० वर आला. पुन्हा जागेवर लोटला. आकडा पुन्हा खाली. तीन वेळा केले, तिन्ही वेळा तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि मग ती पूर्ववत करून पाहावयाची, ही शिस्त येथे फार महत्त्वाची आहे. त्याच दिवशी त्यांनी राउटरही हलविला असता, तर कशाने गुण आला हे कधीच कळले नसते.

तरीही कोडे पुरते सुटले नाही. वहीतील एक नोंद जुळत नव्हती. पहाटे पाच वाजता, कूलर जागेवर असताना, त्याच पलंगावर, त्याच उणे ८२ वर, शंभरांत एखादीच हाक हरवत होती. कूलर एकटाच दोषी असता, तर पहाटेही अठरा हरवावयास हव्या होत्या.

ह्याचे कारण घराबाहेर आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्याच्या बंधनातून मुक्त झाला. तो गावाच्या गायरानासारखा आहे. कोणीही आपले गुरू सोडावे. शेजाऱ्यांचे राउटर, बिनतारी कर्णयंत्रे, खेळणी, सारी तेथेच चरतात. मायक्रोवेव्ह भट्टीही ह्याच पट्ट्यात काम करते. तिच्या दाराच्या फटींतून निसटणारी थोडीशी शक्तीसुद्धा शेजारच्या राउटरास जड जाते. राउटर एखाद्या सभ्य सभेतील वक्त्याप्रमाणे आधी कानोसा घेतो; दुसरा कोणी बोलत नसेल तरच बोलतो. रात्री आठ ते अकरा ह्या वेळात साऱ्या ओळीतील घरे बोलू लागतात, तेव्हा पाळी येण्यास उशीर लागतो. त्यात ज्याचा आवाज क्षीण त्याचे हाल अधिक. शब्द नीट न पोहोचल्याने त्याला तेच पुनःपुन्हा सांगावे लागते, सावकाश सांगावे लागते, आणि त्यायोगे सभेचा वेळ तोच अधिक खातो. पहाटे शांततेत पुटपुटलेलेही ऐकू येते. रात्रीच्या बाजारात ते ऐकू येत नाही. कूलरने आवाज क्षीण केला आणि शेजाराने गलका केला. दोहोंपैकी एक नसते तर आईला मुलीचे ओठ दिसले असते.

ह्या पट्ट्याचे आपल्याकडे तेरा भाग पाडलेले असून त्यांस चॅनल म्हणतात. तेरा हा आकडा फसवा आहे. प्रत्येक राउटर निदान चार भागांएवढी रुंदी व्यापतो. म्हणून १, ६ व ११ हे तीनच परस्परांस न स्पर्शता वापरता येतात. दोन राउटर एकाच चॅनलवर असतील तर ते निदान एकमेकांचे बोलणे ओळखतात व पाळी पाळतात. पण एखाद्याने १ व ६ ह्यांमधील मोकळी जागा म्हणून ३ निवडला, तर दोन्हीकडच्यांना त्याचे बोलणे नुसती गडबड वाटते, आणि तिघांचेही नुकसान होते. मोकळी दिसणारी जागा ही येथे सर्वांत वाईट जागा असते. गृहस्थांनी ॲपवर पाहिले तेव्हा शेजारची बहुतेक घरे १ व ६ वर होती. ते ११ वर गेले.

पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा ऐसपैस आहे. २०१८ साली त्याचाही मोठा भाग आपल्याकडे परवानामुक्त झाला. एकाच खोलीत राउटर व फोन असतील तर तोच वापरावा. मागच्या खोलीपर्यंत मात्र तो पोहोचत नाही, आणि ह्या घरात त्याचा उपयोग नव्हता.

नंतर राउटर हलविण्याची पाळी आली. तो संचामागून काढून अंगणाकडच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीवर ठेवला. येथे एक सूचना करावीशी वाटते. लहरी अनेक वाटांनी येऊन एकमेकींत मिसळतात. कोठे त्यांची शिखरे जुळून बळ वाढते, कोठे एकीचे शिखर दुसरीच्या खळग्यात पडून दोन्ही नाहीशा होतात. तळ्यात दोन खडे टाकले असता हेच दिसते. बळकट व मृत जागांमधील अंतर बहुधा लहरीच्या निम्म्या लांबीहून कमी, म्हणजे काही सेंटीमीटरच असते. म्हणून राउटर दुसऱ्या खोलीत नेण्याआधी तो वीतभर सरकवून पाहावा. फुकट होणाऱ्या उपायांत ह्याच्याइतका गुणकारी दुसरा नाही, आणि सर्वांत दुर्लक्षितही हाच.

बाजारात ‘रिपीटर’ म्हणून एक लहान पेटी मिळते. ती ऐकलेले पुन्हा मोठ्याने सांगते. लोक ती नेमकी जेथे ऐकू येत नाही तेथे, म्हणजे मागच्या खोलीत लावतात. अर्धवट ऐकलेलेच ती मोठ्याने सांगत बसते. ती अर्ध्या वाटेवर, जेथे अजून स्पष्ट ऐकू येते तेथे लावावी. एकाच पट्ट्यावर ऐकणे व बोलणे दोन्ही करावे लागल्याने वेग सुमारे निम्मा होतो, हेही ध्यानात असावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे भिंतीच्या कडेने एक तार मागच्या खोलीत नेऊन तिच्या टोकाशी दुसरा लहान राउटर बसविणे.

उन्हाळ्यातील आणखी एक संशयित राहिला. कित्येक घरगुती राउटर ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालतील असे बनविलेले असतात. भिलाईचा मे महिना ती मर्यादा सहज ओलांडतो. तापलेला राउटर मंदावतो किंवा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतो. गृहस्थांनी तीन रात्री राउटरवर टेबलफॅन धरला. वहीतील आकडे तसेच राहिले; तेव्हा ह्या घरापुरता हा संशय सोडून दिला. दुसऱ्या घरात तो खरा ठरू शकेल. विजेचेही तसेच. वीज क्षणभर लवली तर दिवा फक्त मिचकतो, पण राउटर व काचतंतूची पेटी नव्याने सुरू होतात आणि एक-दोन मिनिटे खातात. बारा व्होल्टांची लहान बॅटरी बसवावयाची असेल तर ती दोहोंनाही जोडावी. एकाच यंत्रास जोडलेली बॅटरी निरुपयोगी होय.

कूलर काढून टाकावा, असे कोणी सुचविणार नाही. मे महिन्यात भिलाईत ते शक्यही नाही. चॅनल बदलून व राउटर हलवून पलंगावरचा आकडा कूलर जागेवर असतानाच उणे ७१ झाला, आणि हरवणाऱ्या हाका अठरावरून दोनवर आल्या. अंगणाच्या भिंतीने तार नेल्यावर त्या शून्य झाल्या. महाग योजना पुढल्या महिन्यापासून रद्द केली.

जुलैच्या पहिल्या पावसात एका रात्री चित्र पुन्हा गेले. गृहस्थांनी लॅपटॉप तारेने जोडला. तेथेही काही येईना. काचतंतूच्या पेटीवर तांबडा दिवा लागला होता, म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नव्हता. त्यांनी वहीतील पान समोर ठेवून तक्रार नोंदविली व आपल्या परीक्षेचा निकाल सांगितला. दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसाने घरात पाऊल न टाकता थेट खांबापासून वाहिनी तपासण्यास सुरुवात केली. छपराच्या कडेशी, एका खिळ्याभोवती, काचतंतू काटकोनात वाकला होता.